दामलेबाईंची दुपारची शाळा

रडणारं मूल दिसलं की आपण आधी त्याचे डोळे पुसतो. दामलेबाई आधी कान द्यायच्या. मूल पडलेलं असो, कुणी चिमटा काढलेला असो, नाहीतर उगाचच आईची आठवण आलेली असो, बाई त्याच्याशेजारी उकिडव्या बसायच्या आणि ते कोणत्या भाषेत रडतंय ते ऐकायच्या. हुंदक्यातून 'मम्मी' आलं तर इंग्रजीत समजूत, 'ओकासान' आलं तर जपानीत. "एका भाषेत रडणारं मूल दुसऱ्या भाषेत गप्प होत नाही, माधुरी," असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मी नागपूरची. आमच्याकडे रडणाऱ्या पोराला एक धपाटा घालतात, तो सगळ्या भाषांत कळतो. तसं मी बोलूनही दाखवलं. बाई हसल्या नाहीत. पुण्याच्या माणसांना विनोद कळला तरी ते लगेच कबूल करत नाहीत.

आम्ही नव्व्याण्णव साली आयर्लंडमधल्या एनिसला आलो. माझा नवरा तिथून जवळ, शॅननच्या एका कारखान्यात इंजिनिअर. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना तेव्हा नोकरीची परवानगी नव्हती, म्हणजे माझं बी.एड. पेटीत आणि मी खिडकीत. बाहेर पाऊस, आत मी आणि तीन वर्षांची मुक्ता. पुढे मुक्ताला ज्या शाळेत घातलं, त्या शाळेच्या मागच्या अंगाला एक प्रीफॅबची खोली होती, आणि तिच्यातून एक दिवस चक्क ऐकू आलं, "अरे देवा, खाली बस की रे मेल्या." मी पावसात तशीच उभी राहिले. आत डोकावले तर दहा-बारा जपानी पोरं, आणि त्यांच्यामध्ये खोलीतही रेनकोट घालून उभी असलेली, पिकल्या अंबाड्याची, बुटकीशी एक बाई.

तो वर्ग एका जपानी कारखान्याने काढला होता. त्यांचे इंजिनिअर दोन-चार वर्षांसाठी बायकामुलांसकट इथे येत आणि परत जात. परत गेल्यावर मुलं तिथल्या शाळेत मागे पडू नयेत म्हणून सकाळी इंग्रजी, दुपारी जपानी, अशी पहिली ते चौथीची एकत्र शाळा. जागा गावच्या शाळेची, दुपारच्या बाईंचा पगार कारखान्याचा. सकाळी एक आयरिश शिक्षिका शिकवायची. दुपारी दामलेबाई. बाईंचे यजमान नोकरीनिमित्त बारा वर्षं ओसाकाला होते. बाई तिथे भाषा शिकल्या, शिकवायचं शिकल्या आणि तिथल्याच बालवाडीत शिकवू लागल्या. यजमान गेले. मुलगा शिकायला कॅनडाला गेला तो तिकडचाच झाला. मग ओसाकाच्या ओळखीतल्या कुणी साहेबाने विचारलं, आयर्लंडला जाल का, तिकडच्या पावसात जायला इथलं कुणी तयार नाही. बाई निघाल्या.

मी फुकट मदतनीस म्हणून रुजू झाले. दप्तरं लावणं, पेन्सिली तासणं, ओले मोजे हीटरवर वाळत घालणं, हे माझं खातं. मुलं त्यांना सेन्सेई म्हणायची, मी बाई म्हणायचे. सुटीनंतर बाई मुलांची डोकी मोजायच्या ती मराठीतच, एक दोन तीन करत. जपानीत का नाही, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, मोजताना चूक झाली तर मूल हरवतं, तिथे उसनी भाषा नको. आणि एका शब्दावर त्यांचा भयंकर राग होता. आयर्लंडमध्ये सगळं 'ग्रँड' असतं. कशी आहेस, ग्रँड. पाऊस कसा, ग्रँड. ताप आलाय का, आलाय पण ग्रँड. बाई करवादायच्या, की इथे मेल्यांना फाशी दिली तरी दोर ग्रँड आहे म्हणतील.

वर्ग सुटताना मुलांनी स्वतः फरशी पुसायची, हा जपानी शाळांचा रिवाज. बाईंनी तो इथेही लावला. पोरं ओळीने ओणवी होऊन फडकी घेऊन धावायची. शाळेची झाडलोट करणारी ब्रायडी पहिल्या आठवड्यातच तणतणत आली. माझं काम पोरांकडून करवून घेता, म्हणजे उद्या मला घरी बसवणार का, असा तिचा सरळ सवाल होता. बरोबरच होतं की तिचं. बाईंनी वाद घातला नाही. वर्गात एक खुर्ची मांडली, चहा दिला आणि मुलांना सांगितलं, की आजपासून ब्रायडी तपासनीस, ती पास करेल तेव्हाच घरी जायचं. ब्रायडी इतकी कडक निघाली, की कोपऱ्यातला खडूचा ठिपका दिसला तरी पोरांना परत पाठवायची.

आणखी एक रिवाज होता, तो मात्र नीट सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच फिरलं. प्रत्येक मुलाची एक ये-जा वही असायची. बाईंनी रोज तीत दोन ओळी लिहायच्या, आज काय केलं, किती खाल्लं, कशाला रडला. घरी आईने वाचून खाली उत्तर लिहायचं. बाई त्या वह्या दुपारी डबा बाजूला सारून लिहायच्या. मला वाटायचं, काय ही हौस. फाटकाशी रोज भेटतात त्या आया, तिथेच सांगून मोकळं व्हावं. बाई म्हणायच्या, तोंडावर बोलता येत नाही ते या लोकांना वहीत लिहिता येतं.

वर्गातली नोरा मात्र परत जाणाऱ्यातली नव्हती. तिचा बाप डेक्लन, दुधाचा टँकर चालवणारा, इथलाच. आई केइको, जपानी, कारखान्यात दुभाषी म्हणून आली आणि डेक्लनशी लग्न करून राहिली. नोरा सात वर्षांची असताना केइकोच्या मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला. उजवी बाजू गेली, आणि इंग्रजी गेलं. दोन भाषा लीलया बोलणारी बाई, तिची नंतर शिकलेली भाषा पुसली गेली आणि जुनीतले तेवढे मोडकेतोडके शब्द राहिले. ऐकलेलं जपानी कळायचं, इंग्रजी कानावरून जायचं. परत येईल का, या प्रश्नाला डॉक्टरांचं उत्तर, सांगता येत नाही. डेक्लन रोज संध्याकाळी बायकोचा हात धरून बसायचा, आणि तिला पाय दुखतोय की उशी टोचतेय की माहेरची आठवण येतेय, ते त्याला नोरा सांगायची. त्या घरात नवराबायकोच्या मध्ये एक सात वर्षांची पोर तेवढी उरली होती.

बाई दर शनिवारी त्यांच्याकडे जायच्या. गाडी माझी, म्हणून मीही. एकदा परतताना त्या आपणहून बोलल्या. ओसाकात मुलगा शाळेत मागे पडायला नको म्हणून घरी आम्ही त्याच्याशी जपानीत बोलायचो, नंतर पुढे उपयोगी म्हणून इंग्रजीत. मराठी काय, घरचीच आहे, येईल आपोआप, असं वाटलं. "आली नाही गं. यांच्या शेवटच्या दिवसांत हे मराठीतच बोलत होते, आणि पोटचा पोरगा उशाशी बसून मला विचारत होता, व्हॉट इज ही सेइंग?" एवढं सांगून त्यांनी रेनकोटाची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. मी वायपर जोरात केले.

त्यानंतर कारखान्याचं काम हळूहळू दुसऱ्या देशात जाऊ लागलं. घरं रिकामी होऊ लागली. बारांची नऊ मुलं झाली, नवांची सात. शाळा आणि कारखाना यांच्यात ठरलेलं होतं, जूनअखेर पट दहाच्या खाली असला की वर्ग बंद. नोराची जपानी घरातल्या चार मोडक्या शब्दांवर टिकणार नव्हती, ती त्या खोलीत, इतर पोरांशी भांडत-खेळत टिकत होती. खोली गेली की ती भाषा जाणार, आणि भाषा गेली की केइको त्या घरात एकटी. बाईंना दुसरं काही दिसेनासं झालं. रस्त्यात मुलाचा हात धरून चाललेली कुणीही बाई दिसली, की या थांबून विचारायच्या, वय काय हो याचं?

तेव्हा मी अक्कल पाजळली. हो, मीच. मी म्हटलं, बाई, आपली मराठी पोरं भरू या की. शॅनन-एनिसमध्ये तोपर्यंत पाच-सात मराठी घरं झाली होती. दिवाळीला हॉलमध्ये सगळे जमले तेव्हा मी चिवड्याची बशी हातात घेऊन भाषणच ठोकलं. जपानीला केवढा स्कोप आहे, पुण्यात लोक पैसे भरून रांगा लावतात, इथे फुकट मिळतंय. स्कोप म्हटलं की आपली माणसं कशालाही तयार होतात. आठवड्यात पाच मुलं आली, त्यात माझी मुक्ता. सात नि पाच बारा. दामलेबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदाच मला मिठी मारली आणि लगेच रेनकोट सारखा केला.

पहिले दोन महिने मजेत गेले. आपली पोरं म्हणजे वाऱ्यावरची वरात. त्यांना जपानीचं ओ की ठो येत नव्हतं, पण दंगा पाच भाषांत येत होता. बाई एकीकडे त्यांच्याकडून जपानी मुळाक्षरं गिरवून घेत आणि दुसरीकडे जपानी मुलांचा धडा चालवत. साहजिकच धडा मागे पडू लागला. जपानी पोरं खेळताना 'आउट' न म्हणता 'आऊट झालास ना बे' म्हणू लागली, ती अर्थात मुक्ताची कृपा. एक दिवस वह्या गोळा करताना एका आईने लिहिलेलं मी बाईंना वाचायला लावलं. तिने लिहिलं होतं, आपण घेत असलेल्या कष्टांबद्दल फार आभार, आमचा मुलगा आता मराठी शब्द किती छान बोलतो, घरात सतत गंमत असते. मी हरखले. पळत जाऊन फाटकाशी उभ्या असलेल्या मराठी आयांना सांगितलं, बघा, त्यांनाही आवडतंय. परत आले तर बाई वही तशीच उघडी धरून बसलेल्या. चेहरा पांढराफटक.

"हे कौतुक नाही, माधुरी," त्या म्हणाल्या. "त्यांनी दार लावून घेतलं."

मग त्यांनी समजावलं, की हे लोक तक्रार अशी गोड करून लिहितात, मुलगा मराठी छान बोलतो म्हणजे त्याचं जपानी मागे पडतंय. दुसऱ्या दिवशी आणखी दोन वह्यांत तसंच गोड गोड आलं. आठ दिवसांत तीन घरांनी मुलं काढली. भांडण नाही, तक्रार नाही. प्रत्येक आई मिठाईचा छोटा डबा घेऊन आली, वाकून नमस्कार करून गेली. त्यांचंही काय चुकलं? त्यांची पोरं वर्षाने परत जाऊन त्या कडक शाळांत बसणार होती. नऊ उरले. ते पाहून आपली मंडळी कुजबुजू लागली, की वर्गात जपानीच नसतील तर काय उपयोग, आणि दिवाळीत रांगेत सगळ्यात पुढे होते तेच आधी बाहेर पडले. मुक्ताला मी ठेवली. लाजेखातर ठेवली, खोटं कशाला बोलू. वर्ग वाचवायला म्हणून जे केलं त्यानेच तो मेला, आणि ते माझ्या डोक्यातून निघालं होतं. बाईंनी मला त्यावरून एक शब्द कधी सुनावला नाही. सुनावला असता तर बरं झालं असतं.

शाळेकडून पत्र आलं, जूनअखेर वर्ग बंद. बाईंना आणखी एक पत्र आलं. त्यांचा कामाचा परवाना त्या एका नोकरीपुरता होता. नोकरी संपली की देश सोडायचा. ते पत्र त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि पहिलंच पुन्हा वाचत बसल्या.

मग त्यांनी काय करायचं बाकी ठेवलं? चर्चच्या फादरना भेटल्या. गावच्या पुढाऱ्याच्या दारात भिजत उभ्या राहिल्या, तो म्हणाला, काळजी करू नका, इट'ल बी ग्रँड. डब्लिनला पत्रं पाठवली. शेवटी कारखान्याच्या जपानी साहेबाला भेटायला मी त्यांना घेऊन गेले. बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, नोराचं आणि केइकोचं सगळं सांगितलं असावं, आणि कंबरेत वाकल्या. वाकल्या त्या उठेचनात. समोरची वयाने एवढी मोठी बाई वाकलेली, तर तो कसा ताठ राहणार, तोही वाकला. दोघं तशीच. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकताना दिसत होता, आणि मी मधे ठोंब्यासारखी पर्स धरून उभी. साठीची बाई, पाठीचं दुखणं असलेली, आयुष्यात कुणाकडे वाटीभर साखर न मागितलेली. मला ते बघवेना. मी त्यांना दंडाला धरून उठवलं. साहेबाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण उत्तर 'नाही' असंच होतं.

घरी नोरा बदलत चालली होती. वर्गातली बरीचशी जपानी मुलं गेल्यापासून ती बाईंनाही इंग्रजीत उत्तरं द्यायची. एका शनिवारी केइकोने काहीतरी विचारलं आणि नोरा टीव्हीवरून नजर न काढता इंग्रजीत उत्तरली. केइकोने पुन्हा विचारलं. नोराने पुन्हा इंग्रजीत सांगितलं, मोठ्याने, बहिऱ्या माणसाला सांगतात तसं. केइकोने मान भिंतीकडे वळवली. बाई नोराला घेऊन स्वयंपाकघरात आल्या. ओरडल्या नाहीत. पोरगीच रडायला लागली. म्हणाली, मी दमले, सगळ्यांचं मीच का सांगायचं, आणि आता ते कुणीच बोलत नाही, फक्त तू बोलतेस, आणि तू पण चाललीस. ती इंग्रजीत रडत होती. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. इतकं हरलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्या शनिवारनंतर बाईंनी मला शिकवायला घेतलं. तू राहणार आहेस ना इथे, मग तूच शिक. मी प्रयत्न केला, अगदी मनापासून केला. चाळिशीला टेकलेलं माझं डोकं, शब्द या कानातून आत आणि त्या कानातून शॅनन नदीत. तीन आठवड्यांनी मी रडकुंडीला येऊन म्हटलं, बाई, माझ्याच्याने नाही होणार. त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, हो, तुझं माणूस नाही ना ते, कसं होईल. टोमणा नव्हता तो. त्यांना काहीतरी सुचलं होतं.

जूनमधल्या त्यांच्या शेवटच्या दिवशी मी दोन बॅगा गाडीत टाकून शाळेपाशी गेले. शॅननहून दुपारचं लंडनचं विमान होतं. खोलीतली चित्रं उतरवलेली, हीटर बंद. आत बाई, नोरा आणि डेक्लन. टँकर त्याने फाटकाबाहेरच लावला होता. सहा फुटी माणूस पहिलीच्या पोरांच्या खुर्चीत बसलेला, गुडघे छातीशी, लालबुंद चेहरा. गेले बारा दिवस टँकरची फेरी संपली की तो तिथे येत होता, हे मला तेव्हा कळलं. मोठ्या माणसाची जीभ, इतकी वर्षं फक्त घोड्यांच्या शर्यती, हर्लिंगचे सामने आणि दूध यांवर चाललेली. त्याला चार शब्दांपुढे जाता येत नव्हतं. मी दारातून हळूच म्हटलं, बाई, उशीर होतोय. त्यांनी मागे पाहिलंही नाही.

डेक्लनने तळव्यांनी तोंड झाकलं. "मला नाही जमत, मिसेस," तो म्हणाला. "नोरा आहे की. नोरा सांगेल."

बाईंनी त्याच्या जॅकेटची कॉलर धरली. दोन्ही हातांनी धरली. मुलांवर कधी हात न उगारलेली ती बाई, आणि तिच्या तोंडून आलं ते मराठी.

"अरे, पोरगी उद्या मोठी होईल, निघून जाईल. मग बायकोला तहान लागली तर तुला कळणार कसं?"

त्याला त्यातलं अक्षर कळलं नसणार. नोरालाही नाही. खोलीत कळणारी मी एकटी होते आणि मी दाराला धरून उभी होते. डेक्लन त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने तोंड उघडलं आणि आदल्या दिवशी शिकवलेला एक शब्द कसाबसा बाहेर काढला. 'मिझु'. पाणी.

चुकीचाच होता त्याचा उच्चार, मलासुद्धा कळलं. नोरा खुदकन हसली, आणि कुणी न सांगता बापाच्या शेजारच्या खुर्चीत बसून तिने तो नीट म्हणून दाखवला. बाईंनी कॉलर सोडली. खुर्ची ओढून त्या दोघांसमोर बसल्या आणि बोट वर करून म्हणाल्या, पुन्हा. त्याने पुन्हा म्हटलं. त्या म्हणाल्या, पुन्हा.

मी गाडीत जाऊन बसले. खिडकीतून त्यांचा रेनकोट आणि ते वर केलेलं बोट तेवढं दिसत होतं. विमानाला चाळीस मिनिटं उरली होती. मी हॉर्न वाजवला नाही.